शंका जेफर्सनची, उत्तरे कृष्णवर्णीयांची

अमेरिकेतील वसाहतींनी इंग्लंडचे जोखड झुगारून दिले, त्याच सुमारास युरोपातील विद्वानांमध्ये या नव्या खंडाविषयी एक तुच्छतेचे मत रूढ झाले होते. तेथील हवापाण्यातच असे काही आहे, की जनावरे खुरटी निपजतात आणि मूळ रहिवासीही दुबळे राहतात, असे प्रतिपादन फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ याने केले होते. आबे रेनाल या फ्रेंच ग्रंथकाराने पुढे जाऊन हाच न्याय तेथे वसलेल्या गोऱ्यांनाही लावला. अमेरिकेने आजवर एकही चांगला कवी, एकही निष्णात गणिती, कोणत्याही कलेत वा शास्त्रात एकही प्रतिभावंत जगाला दिलेला नाही, याचे त्याला नवल वाटत होते.

हा टोमणा थॉमस जेफर्सनला चांगलाच झोंबला. १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिणारा जेफर्सन पुढे व्हर्जिनियाविषयी एक ग्रंथ सिद्ध करीत होता. फिलाडेल्फियातील फ्रेंच वकिलातीचा सचिव मार्ब्वा याने विचारलेल्या प्रश्नांची ही उत्तरे ‘नोट्स ऑन द स्टेट ऑफ व्हर्जिनिया’ या नावाने १७८५ मध्ये पॅरिसला खासगीरीत्या छापली गेली आणि १७८७ मध्ये लंडनमध्ये रीतसर प्रसिद्ध झाली. रेनालला त्याने त्यात दिलेले उत्तर मोठे वाजवी आहे. ग्रीकांना होमर, रोमनांना व्हर्जिल, इंग्रजांना शेक्सपिअर आणि मिल्टन लाभण्यापूर्वी जेवढा काळ जावा लागला तेवढा आम्हालाही मिळू द्या, मग बोला. आमची लोकसंख्या ती केवढी, याचाही हिशेब धरा. आणि एवढ्या अल्पावधीतही आम्ही वॉशिंग्टन, फ्रँकलिन आणि खगोलवेत्ता रिटनहाउस दिले आहेत, हे विसरू नका, असा त्याचा युक्तिवाद होता.

याच ग्रंथात, चौदाव्या प्रश्नाच्या उत्तरात, जेफर्सन कृष्णवर्णीयांकडे वळतो आणि त्याचा सूर बदलतो. स्मरणशक्तीत हे लोक गोऱ्यांच्या बरोबरीचे आहेत आणि सुरातालाचा कान त्यांना गोऱ्यांहून चांगला आहे, हे तो मान्य करतो. परंतु विवेकशक्तीत ते फार उणे, कल्पनाशक्तीत निस्तेज. युक्लिडची प्रमेये उमजतील असा त्यांच्यातील एखादा क्वचितच सापडावा. आणि काव्य म्हणावे तर त्यांच्यात ते नाहीच. रोमन गुलामांतून एपिक्टेटस, टेरेन्स, फीड्रस असे थोर पुरुष निघाले हे खरे, पण ते गोऱ्या वंशाचे होते. म्हणजे दोष परिस्थितीचा नसून निसर्गाचा असावा. एवढे सगळे मांडून झाल्यावर तो एक सावध पुस्ती जोडतो: कृष्णवर्णीय हे शरीराने व बुद्धीने कनिष्ठ आहेत, हे आपण केवळ एक शंका म्हणून पुढे करीत आहोत.

रेनालने अमेरिकेपुढे ठेवलेली अट, म्हणजे कवी दाखवा आणि गणिती दाखवा, ती जेफर्सनने अशी जशीच्या तशी उचलून कृष्णवर्णीयांपुढे ठेवली. गोऱ्या अमेरिकनांसाठी त्याने जी मुदत मागून घेतली होती, ती मात्र त्यांना देऊ केली नाही. आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे ज्याच्या मालकीची होती, त्या गृहस्थाने गुलामांच्या बुद्धीची परीक्षा घ्यावी, यातील विसंगती वेगळी सांगायला नको. पण या विधानाचे खरे सामर्थ्य त्याच्या शंकारूपात होते. ठाम विधान पुराव्याने खोडता येते. शंका मात्र प्रत्येक नव्या पुराव्याबरोबर एक पाऊल मागे सरकून पुन्हा उभी राहते. पुढची पाऊणशे वर्षे अमेरिकेतील कृष्णवर्णीय लेखक या शंकेशी झुंजत होते.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. गुलामगिरीला विरोध आणि वंशश्रेष्ठत्वाला विरोध या दोन निराळ्या गोष्टी होत्या. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला, हे मराठी वाचकास ठाऊक आहेच. त्या कार्याची परंपरा जुनी होती, परंतु तिच्यातील सर्वांनाच समता मान्य होती असे नाही. बोस्टनचा न्यायाधीश सॅम्युएल स्यूअल याने १७०० मध्ये ‘द सेलिंग ऑफ जोसेफ’ ही छोटी पुस्तिका काढून माणसांच्या खरेदी-विक्रीचा निषेध केला. सर्व माणसे आदमचीच लेकरे, हे त्याला मान्य होते. पण हे लोक आपल्यात कधी मिसळणार नाहीत, असेही त्याने त्याच दमात लिहून ठेवले. बेंजामिन रश या फिलाडेल्फियाच्या नामांकित वैद्याने १७७३ मध्ये गुलामगिरीवर कडाडून टीका केली. कातडीचा काळा रंग हा कुष्ठरोगाचा परिणाम असावा आणि म्हणून तो बरा होण्याजोगा आहे, असा सिद्धांतही त्याच रशने १७९७ मध्ये विद्वत्सभेपुढे मांडला. प्रिन्स्टनचा प्राध्यापक सॅम्युएल स्टॅनहोप स्मिथ याने १७८७ च्या आपल्या निबंधात मानवजात एकच आहे, वर्णातील फरक हवामानाने व राहणीने पडतो, असे सांगितले. हे त्या काळी धाडसाचेच होते. परंतु मूळ रंग गोरा आणि बाकीचे त्यापासून ढळलेले, हे त्यानेही गृहीतच धरले होते.

याला अपवाद होते ते मुख्यतः क्वेकर पंथातले. अँथनी बेनेझेट याने फिलाडेल्फियात कृष्णवर्णीय मुलांना वर्षानुवर्षे स्वतः शिकवले आणि त्या अनुभवाच्या बळावर सांगितले, की या मुलांच्या बुद्धीत काही उणे नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७५१ च्या एका निबंधात अमेरिकेत गोऱ्यांचीच वाढ व्हावी, अशी उघड इच्छा व्यक्त केली होती. १७६३ मध्ये तो कृष्णवर्णीय मुलांची शाळा पाहायला गेला आणि परत आल्यावर, या मुलांच्या उपजत कुवतीविषयी आपले मत पूर्वीपेक्षा चांगले झाले, असे त्याने पत्रात कळवले. पुढे तो पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचा अध्यक्ष झाला. १७९० च्या मार्चमध्ये, मृत्यूच्या अवघे काही आठवडे आधी, त्याने एक उपहासलेख लिहिला. त्यात अल्जीअर्सचा एक कल्पित मुसलमान सरदार गोऱ्या ख्रिश्चनांना गुलाम ठेवणे कसे आवश्यक आणि त्यांच्याच हिताचे आहे, हे गंभीरपणे पटवून देतो. त्याचे एकूण एक मुद्दे जॉर्जियाच्या एका प्रतिनिधीने काँग्रेसमध्ये नुकत्याच केलेल्या भाषणावर बेतलेले होते. मत बदलण्याची तयारी फ्रँकलिनपाशी होती, ती जेफर्सनपाशी नव्हती, असे म्हणावे लागते.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. जेफर्सनने कवी मागितला, तेव्हा तो कवी होऊन गेलेला होता, आणि जेफर्सनला तो ठाऊकही होता. १७६१ मध्ये पश्चिम आफ्रिकेतून आलेल्या जहाजावरून बोस्टनच्या धक्क्यावर सात-आठ वर्षांची, पुढचे दात पडलेली एक मुलगी उतरवली गेली. जॉन व्हीटली नावाच्या व्यापाऱ्याने ती पत्नीच्या सेवेसाठी विकत घेतली. जहाजाचे नाव ‘फिलिस’. तेच तिला चिकटले. घरातल्या मुलीने तिला लिहावाचायला शिकवले. फिलिस व्हीटली थोड्याच वर्षांत बायबल, लॅटिन कवी, पोप आणि मिल्टन वाचू लागली आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास तिची कविता छापून आली. १७७० मध्ये जॉर्ज व्हाइटफील्ड या धर्मोपदेशकावरील तिच्या विलापिकेने तिचे नाव समुद्रापलीकडे गेले.

संग्रह काढायचे ठरले, तेव्हा बोस्टनमध्ये पुरेसे वर्गणीदार मिळाले नाहीत. तो १७७३ मध्ये लंडनमध्ये निघाला. त्या संग्रहाच्या आरंभी एक दाखला छापलेला आहे. या कविता फिलिस नावाच्या तरुण गुलाम मुलीनेच लिहिल्या आहेत, याची ग्वाही देणारा हा दाखला असून त्याखाली बोस्टनच्या अठरा प्रतिष्ठितांची नावे आहेत. त्यांत गव्हर्नर थॉमस हचिन्सन आहे, धर्मोपदेशक आहेत, पुढे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर ठळक अक्षरांत सही करणारा जॉन हॅन्कॉक आहे आणि खुद्द तिचा मालकही आहे. या सर्वांनी एका दालनात जमून तिची तोंडी परीक्षा घेतली, असे दृश्य अनेकदा रंगवून सांगितले जाते. अशी एकच बैठक झाल्याचा पुरावा मात्र सापडलेला नाही. नसेना का. कवितेआधी कवीच्या माणूसपणाचा दाखला जोडावा लागतो, यातच सारे आले.

अशा अवस्थेत ती काय आणि किती बोलू शकत होती? आफ्रिकेतून आपल्याला आणले गेले, याविषयीची तिची आठ ओळींची कविता पुष्कळ काळ दास्य गोड मानणारी म्हणून हिणवली गेली. त्या कवितेचा शेवट मात्र थेट ख्रिश्चनांना उद्देशून आहे आणि ज्यांचा रंग ते सैतानी मानतात त्यांनाही स्वर्गात जागा आहे, याची आठवण त्यांना करून देतो. मुलीने मान खाली घालून केलेली ती कानउघाडणीच आहे. मुक्त झाल्यावर तिचा स्वर मोकळा झाला. मोहेगन जमातीतील धर्मोपदेशक सॅम्सन ऑकम याला तिने फेब्रुवारी १७७४ मध्ये लिहिलेले पत्र वृत्तपत्रांतून छापले गेले. स्वातंत्र्याची ओढ देवाने प्रत्येक माणसाच्या हृदयात पेरली आहे, असे सांगून तिने गुलाम बाळगणाऱ्या अमेरिकनांची तुलना बायबलमधील इजिप्तच्या लोकांशी केली. स्वातंत्र्याचा घोष करणारे हात दुसऱ्याच्या मानेवर आहेत, ही विसंगती ओळखायला फार मोठ्या तत्त्वज्ञाची गरज नाही, असा तिचा उपरोध होता.

डिसेंबर १७८४ मध्ये, वयाच्या एकतिशीच्या आसपास, ती दारिद्र्यात वारली. दुसऱ्या संग्रहाचे हस्तलिखित हरवले ते कायमचे. पुढच्याच वर्षी जेफर्सनचा ग्रंथ छापून झाला. त्यात तिचा निकाल एका परिच्छेदात लावलेला आहे: धर्माने ही बाई घडवली, पण धर्माला कवी घडवता आला नाही, तिच्या नावे छापलेल्या रचना टीकेच्याही योग्यतेच्या नाहीत. ‘तिच्या नावे छापलेल्या’ या शब्दांत त्या अठरा नावांवरचाही अविश्वास आहे. तिचे नावही जेफर्सनने चुकीचे लिहिले.

राहिला गणिती. मेरीलँडमधील बेंजामिन बॅनेकर हा जन्माने स्वतंत्र कृष्णवर्णीय शेतकरी. विशीत असताना त्याने लाकडाची चाके कोरून एक घड्याळ बनवले आणि ते कित्येक वर्षे बिनचूक चालले. पन्नाशी उलटल्यावर शेजारच्या एलिकट कुटुंबाकडून उसनी घेतलेली पुस्तके व उपकरणे यांच्या आधारे तो खगोलगणित शिकला. १७९१ च्या आरंभी नव्या राजधानीच्या जागेची मोजणी करणाऱ्या तुकडीत तो काही महिने होता. पुढच्या वर्षाचे पंचांगही त्याने स्वतः गणित करून सिद्ध केले. पंचांग ही तेव्हाच्या अमेरिकेत घरोघरी लागणारी वस्तू होती. ग्रहणे, भरती-ओहोटी, सूर्योदय-सूर्यास्त यांचे गणित चुकले, तर ते लगेच उघडे पडे. कवितेविषयी मतभेद होऊ शकतो, ग्रहणाविषयी नाही. बॅनेकरचे गणित तपासून ते योग्य ठरवणाऱ्यांत रिटनहाउस होता. रेनालला निरुत्तर करण्यासाठी जेफर्सनने ज्याचे नाव घेतले होते, तोच हा.

१९ ऑगस्ट १७९१ रोजी बॅनेकरने जेफर्सनला पत्र लिहिले आणि सोबत पंचांगाची स्वहस्ताने केलेली प्रत जोडली. जेफर्सन त्या वेळी परराष्ट्रमंत्री होता. पत्राची भाषा विनयाची, परंतु आशय धारदार आहे. आपण आफ्रिकी वंशाचे आहोत आणि आपला वर्ण अगदी गडद आहे, हे बॅनेकर त्यात निःसंकोच सांगतो. इंग्रजांच्या जुलमाखाली तुम्ही होता ते दिवस आठवा, असे म्हणून तो जेफर्सनलाच त्याच्या जाहीरनाम्यातील सर्व माणसे समान असल्याचे वचन ऐकवतो. मग तो विचारतो, की जे स्वातंत्र्य तुम्ही ईश्वरदत्त म्हणता, त्यापासून माझ्या बांधवांना बळाने व कपटाने दूर ठेवण्याच्या अपराधात तुम्ही कसे सामील झालात? पंचांग हा या पत्रातील खरा पुरावा नव्हेच. खरा पुरावा आहे तो जेफर्सनच्याच हस्ताक्षरातला, आणि आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे तो जेफर्सन.

अकरा दिवसांत उत्तर आले. असे पुरावे पाहण्याची माझ्याइतकी इच्छा कोणालाच नसेल, असे नम्रपणे लिहून, पंचांग पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे सचिव काँदॉर्से यांच्याकडे पाठवत असल्याचे जेफर्सनने कळवले. हा पत्रव्यवहार १७९२ मध्ये पुस्तिकारूपाने छापला गेला. शंका मात्र मिटली नाही. फ्रान्समधील धर्मोपदेशक ग्रेग्वार याने १८०८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या वाङ्मयावर एक पुस्तक लिहून ते जेफर्सनकडे पाठवले. १८०९ च्या उत्तरात जेफर्सनने एक खरोखर मौलिक गोष्ट लिहिली: या लोकांची बुद्धी कितीही असो, तिच्यावरून त्यांचे हक्क ठरत नाहीत, न्यूटन इतरांहून बुद्धिमान होता म्हणून तो इतरांचा मालक ठरला नाही. परंतु त्याच वर्षी जोएल बार्लो या मित्राला लिहिताना त्याने बॅनेकरला ते गणित करताना एलिकटचे साह्य असावे, असा संशय बोलून दाखवला आणि त्याच्या पत्रावरून तो अगदी सामान्य बुद्धीचा वाटतो, अशी मल्लिनाथी केली. बॅनेकर तोवर वारला होता. जगापुढे एक आणि मित्रापाशी दुसरे, असे हे दोन जेफर्सन एकाच वर्षातले आहेत.

दरम्यान फिलाडेल्फियात या कल्पनेला निराळेच वळण मिळाले होते. १७९३ मध्ये तेथे पिवळ्या तापाची साथ आली आणि सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे शहराचा दहावा हिस्सा, दगावली. कृष्णवर्णीयांना हा ताप होत नाही, अशी रश याची समजूत होती. म्हणून त्याने त्यांच्या पुढाऱ्यांना शुश्रूषेसाठी पुढे येण्याचे आवाहन केले. रिचर्ड ॲलन आणि ॲब्सलम जोन्स यांच्या नेतृत्वाखाली शेकडो लोकांनी रुग्णांची सेवा केली, प्रेते पुरली. समजूत खोटी होती. तेही मरू लागले. साथ ओसरल्यावर मॅथ्यू केरी या प्रकाशकाने साथीचा वृत्तान्त छापला आणि त्यात काही कृष्णवर्णीयांनी अवाच्या सवा पैसे उकळले, घरे लुटली, असा आरोप केला. पुस्तिकेच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या खपल्या.

ॲलन आणि जोन्स यांनी १७९४ च्या आरंभी दिलेले उत्तर वाचताना आजही त्यातील शिस्तीचे नवल वाटते. त्यांनी शवपेट्यांचा, मजुरीचा, जाळलेल्या बिछान्यांचा जमाखर्च मांडला आणि आपल्याच पदरचे पैसे गेल्याचे दाखवले. १७९२ मध्ये शहरात ६७ कृष्णवर्णीय पुरले गेले आणि १७९३ मध्ये ३०५, हे आकडे दिले. स्वतः केरी ऐन साथीत शहर सोडून गेला होता आणि त्याच्या पुस्तिकेची कमाई आमच्यातील कोणाच्याही कमाईहून अधिक आहे, हेही सांगायला ते विसरले नाहीत. पुस्तिकेच्या अखेरीस गुलाम बाळगणाऱ्यांना उद्देशून एक छोटे निवेदन आहे. त्यात त्यांनी एक साधा प्रयोग सुचवला: आमची काही मुले घ्या, त्यांना तुमच्या मुलांइतक्याच काळजीने शिकवा, पुढच्या आयुष्याची तीच आशा त्यांच्यासमोर ठेवा आणि मग बुद्धीची तुलना करा. जेफर्सनचे नाव न घेता त्यांनी दाखवून दिले, की ज्याची चाचणीच कधी झाली नाही, त्याचा निकाल लावला गेला आहे.

तीन तपांनंतर हा संयम संपला. डेव्हिड वॉकर हा उत्तर कॅरोलायनात जन्मलेला स्वतंत्र कृष्णवर्णीय. बोस्टनच्या बंदराजवळ त्याचे जुन्या कपड्यांचे दुकान होते, आणि १८२७ मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या ‘फ्रीडम्स जर्नल’ या पहिल्या कृष्णवर्णीय वृत्तपत्राचा तो बोस्टनमधील प्रतिनिधी होता. सप्टेंबर १८२९ मध्ये त्याने जगातील कृष्णवर्णीय नागरिकांना उद्देशून ‘अपील’ ही पुस्तिका काढली. तिची मांडणी अमेरिकेच्या राज्यघटनेसारखी, म्हणजे उद्देशिका व चार कलमे अशी आहे. जेफर्सनला जाऊन तीन वर्षे झाली होती, तरी वॉकर त्याच्याशी समोरासमोर बोलावे तसा बोलतो. रोमन गुलामांचे उदाहरण घेऊन तो म्हणतो, की रोममध्ये गुलाम मुक्त झाला की त्याला वर चढण्याची वाट मोकळी होती. येथे मुक्त झालेल्याला साधा अधिकारही मिळू नये असे कायदे तुम्हीच केलेत, मग ही तुलना कशी?

वॉकरचे वेगळेपण यापुढचे आहे. ज्याला परवडेल त्या प्रत्येक कृष्णवर्णीय पित्याने जेफर्सनचे ते पुस्तक विकत घेऊन मुलाच्या हाती द्यावे, असे त्याने सांगितले. गोऱ्या मित्रांनी जेफर्सनला उत्तरे लिहिली आहेत, पण ते गोरे आहेत. हे काम आपले आहे. व्हीटलीच्या कवितांना अठरा नावांचा आधार लागला होता आणि बॅनेकरच्या पंचांगालाही प्रतिष्ठितांच्या शिफारशीचे पत्र जोडावे लागले होते. वॉकरने कोणाचाच दाखला मागितला नाही. जेफर्सनच्या पसंतीसाठी तो लिहीतच नव्हता. त्याचा वाचक वेगळा होता. पुस्तिका खलाशांमार्फत दक्षिणेतील बंदरांत पोहोचू लागली, तसे तेथील राज्यकर्ते हादरले. जॉर्जियाने कृष्णवर्णीय खलाशांना किनाऱ्यावर उतरण्यास बंदी घातली आणि असे लेखन वाटणाऱ्यास देहदंडापर्यंतची शिक्षा ठरवली. ज्यांना वाचून काही कळणार नाही असे ठरवले होते, त्यांच्या हाती एक पुस्तिका पडू नये म्हणून हे कायदे होते. ऑगस्ट १८३० मध्ये वॉकर वारला. मृत्यूच्या नोंदीत कारण क्षय आहे. विषप्रयोगाची वदंता मात्र दीर्घकाळ चालत राहिली.

हा प्रश्न केवळ काळ्या-गोऱ्यांचा नव्हता. पीक्वॉट जमातीतील विल्यम एपेस या धर्मोपदेशकाने १८३३ मध्ये गोऱ्यांसाठी ‘इंडियनाचा आरसा’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा एक निबंध लिहिला. जगातील सगळ्या कातड्या एकत्र जमवल्या, तर त्यांत गोरी कातडी किती थोडी निघेल, असे तो विचारतो. आणि प्रत्येक कातडीवर तिच्या राष्ट्राचे अपराध लिहून काढले, तर कोणती सर्वांत भरलेली दिसेल? येशू आणि त्याचे शिष्य गोरे नव्हते, याचीही तो आठवण देतो. मॅसॅच्युसेट्समध्ये गोऱ्यांशी आंतरवर्णीय विवाहास बंदी करणारा जो कायदा होता, त्यावर त्याचा रोख होता. तो कायदा १८४३ मध्ये रद्द झाला.

त्याच दशकात शंकेने शास्त्राचा वेश घेतला. फिलाडेल्फियाच्या सॅम्युएल मॉर्टनने कवट्यांत बिया आणि पुढे शिशाचे छर्रे भरून त्यांची मापे घेतली व १८३९ मध्ये ‘क्रेनिया अमेरिकाना’ हा ग्रंथ काढला. त्याच्या अनुयायांनी १८५४ मध्ये ‘टाइप्स ऑफ मॅनकाइंड’ या जाडजूड ग्रंथात निरनिराळे वंश मुळातच निरनिराळे निर्माण झाल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी जुलैमध्ये फ्रेडरिक डग्लस याने ओहायोतील एका महाविद्यालयात या शास्त्राचा समाचार घेतला. गुलामगिरीतून पळून आलेला हा वक्ता तेथे पंडितांच्या पुस्तकांतील चित्रांविषयीही बोलला: युरोपियनाचे चित्र काढायचे तर देखणा, तेजस्वी चेहरा निवडतात आणि आफ्रिकनाचे काढायचे तर जितका विद्रूप मिळेल तितका. मापे चुकली असतील-नसतील, नमुनेच आधी ठरवलेले आहेत, हे त्याने अचूक हेरले होते.

आणि १८५९ मध्ये पुन्हा जेफर्सन. डॉ. जेम्स मॅक्यून स्मिथ याला अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांनी प्रवेश नाकारला होता. १८३७ मध्ये ग्लासगोहून पदवी घेऊन तो न्यूयॉर्कला परतला आणि वैद्यकीचा व्यवसाय करू लागला. वैद्यकाची पदवी मिळवणारा तो पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन. ‘अँग्लो-आफ्रिकन मॅगझीन’ या कृष्णवर्णीयांनी चालवलेल्या मासिकाच्या ऑगस्ट १८५९ च्या अंकात त्याने जेफर्सनच्या चौदाव्या प्रश्नावरच लेख लिहिला. हाडे, स्नायू, त्वचा, केस अशी एकेक बाब शारीरशास्त्राच्या आधारे तपासून, या दोन वर्णांच्या लोकांना एका राज्यात नागरिक म्हणून एकत्र नांदता येणार नाही असा कोणताही फरक त्यांच्यात नाही, असा निर्वाळा त्याने दिला. पॅरिसमध्ये ते पुस्तक छापले गेल्याला तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षे झाली होती. यादवी युद्धाला तोंड लागायला दोन वर्षेही उरली नव्हती.